सहाव्या बटणावरचं लाल कापड

रजिया,

परवा तुझ्या जियारतीला, तिसऱ्या दिवसाला, येऊन गेले. तू असतीस तर दारातच मला धरलं असतंस. "नंदे, जिती होते तवा तीन-तीन वर्षं फिरकली न्हाईस, आन आता बरी टायमावर आलीस." खरं आहे. नांदेडहून सकाळची गाडी धरली, अहमदपूरपर्यंत उभी होते, मग एका कॉलेजच्या पोरीनं उठून जागा दिली. पूर्वी मी द्यायचे. लातूरला उतरले तर पाय सुजलेले, आणि त्यात आपली गल्ली ओळखू येईना. दोन्ही बाजूंना पोरांचे फोटो, फोटोंखाली मार्क, त्याखाली फोन नंबर. आपल्या क्लासच्या खाली पिठाची गिरणी होती तिथं आता झेरॉक्सचं दुकान आहे. वर काय आहे ते बघायला जिना चढावासा वाटला नाही.

तुमच्या घरी बायकांच्या खोलीत जाऊन बसले. तिथं तुला सगळे आपा म्हणतात. कुणीतरी विचारलं, तुम्ही आपाच्या कोण? मैत्रीण म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, आम्ही दोघी मिळून कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो.

रडले नाही, हे आधीच सांगून टाकते. थकले होते नुसती. क्लासवाल्यांच्या सराव परीक्षा चालू आहेत, रोज शेकडो पोरं नांदेडला माझ्या परीक्षेच्या हॉलमध्ये येऊन मशीनपुढे बसतात, आणि मी सर्व्हरच्या खोलीत बसून कुणाचं काही अडकत नाही ना ते बघते. तुझी बातमी आली तेव्हाही तेच बघत होते. फोन ठेवला आणि परत स्क्रीनकडे वळले. सवयीनं. रडू अजून आलेलं नाही, येईल तेव्हा येईल.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आणि एक कबूल करायची राहिली. सांगायची सोपी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

सांगायचं ते आपल्या भांडणाबद्दल. सहा की बारा? दोन बायका काय काय कारणांवरून भांडतात. आपण एका कॉम्प्युटरवर किती कन्सोल ठेवायचे यावरून भांडलो, आणि वीस-बावीस वर्षं ते भांडण पुरवून पुरवून वापरलं.

परवा तुझ्या भावाच्या, खलीलभाईंच्या सुनेनं मला विचारलं, "तुमी एका मशीनवर पाच-पाच पोरं कशी शिकवायचा?" तिला खोटं वाटत होतं. तिला सांगता सांगता मलाच आपला क्लास पुन्हा दिसला. तीन मशीन, पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, आणि जिन्यावर बसलेले आईबाप. अकरावी-बारावीसाठी खेड्यापाड्यातून पोरं लातुरात यायला लागली होती, आणि आलाच आहे तर कॉम्प्युटरपण शिकून घे, असं प्रत्येक बापाला वाटायचं. मशीन घ्यायची ऐपत नव्हती. मग तू शक्कल काढलीस. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलंस. त्यात ऑल्ट धरून एफ-वन दाबलं की पहिला कन्सोल, एफ-टू दाबलं की दुसरा, असे सहा. प्रत्येकात वेगळ्या माणसानं आपल्या नावानं शिरायचं. एकाचं अर्धवट काम जागच्या जागी राहतं आणि दुसरा आपलं उघडून बसतो. एका पाटीला सहा बाजू असाव्यात तसं. पाळी येईपर्यंत वहीत प्रोग्राम लिहायचा, पाळी आली की आपलं बटण दाबून तो टाइप करायचा, दहा मिनिटं झाली की उठायचं. पोरं एकमेकांना नावानं हाक मारायचीच नाहीत. "ए एफ-थ्री, सरक की." पुढं एका एफ-फोरचं एका एफ-टूशी लग्न जमलं, आणि पत्रिका घेऊन दोघं पहिल्यांदा तुझ्याकडे आली.

कन्सोल सहा होते, पण मशीनमागे पोरं पाचच. सहावा कुणाला द्यायचा नाही, हा तुझा नियम. सकाळी आल्या आल्या तू तिन्ही मशीनवर सहाव्या कन्सोलमध्ये रूट म्हणून शिरून ठेवायचीस. म्हणजे सगळ्या मशीनची मालकी तिथं दिवसभर उघडी. खडूचा डबा कुलपात ठेवणारी बाई तू! सुरक्षा काय, तर तुझ्या अब्बांच्या बाइंडिंगच्या दुकानातलं लाल कापड बोटभर कापून खळीनं एफ-सिक्सवर चिकटवलेलं, आणि वर एक धमकी. "लाल बटनाला हात लावला त्याची बोटं मोजून घेईन." कुणी हात लावला नाही. त्या पोरांना तुझी भीती होती की माया, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी म्हणायचे, जिन्यावर बारा आईबाप बसलेत आणि तू एक जागा रिकामी घेऊन बसलीस. तू म्हणायचीस, "रिकामी न्हाई ती. राखीव हाय."

"कुनासाठी राखीव?"

"अडकल्यावर आत शिरायला. पोराचा प्रोग्राम फिरत बसला, मशीन हलंना, मग कुटून शिरशील? शिरायला जागा नसली की मानूस मागचं बटन बंद करतंय, नंदे."

हे वाक्य आलं की मी गप्प व्हायचे. दोन दिवस गप्प बसून तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचे. किती कन्सोल उघडायचे ते एका फाइलीत लिहिलेलं असतं, एका कन्सोलची एक ओळ. सहा ओळी आहेत, खाली आणखी सहा टाकल्या की बारा. एफ-ट्वेल्व्हपर्यंत बटणं आहेतच की, फुकट दिलीत. तू म्हणायचीस, "मेमरी बघ की मशीनची. एका तव्यावर बारा भाकरी टाकून राहिलीस तू." मी म्हणायचे, टाकून तर बघू.

मी गप्प का व्हायचे ते आपल्या दोघींनाच माहीत होतं. आणि कबूल करायचं आहे ते हेच.

भूकंपानंतरचा तो हिवाळा. मदतीच्या याद्या करायला एका सभागृहात कचेरी उघडली होती. आपण दोघी तिथं रोजंदारीवर लागलो. टायपिंग येणाऱ्या मुलींची गरज होती, आणि मला तर त्या कामाची तुझ्याहून जास्त गरज होती. औशाकडचं आमचं घर पडलेलं, आईबाप आणि दोन भाऊ पत्र्याखाली. जोडीनं काम असायचं. एकीनं फॉर्म मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं टाइप करायचा. तू वाचायचीस, मी टाइप करायचे. तू नावं फार सावकाश वाचायचीस, बापाच्या नावासकट, तो माणूस समोर उभा असल्यासारखी. नाव वारलेल्या माणसाचं असलं की आवाज न बदलता वाचायचीस. त्यामुळे मला टाइप करता यायचं.

कचेरीचा एक कडक नियम होता. कुणीही आपल्या स्वतःच्या गावाचे फॉर्म हाताळायचे नाहीत, आणि गावाची पाळी सोडून गठ्ठा पुढे घ्यायचा नाही. माझ्या गावाचा गठ्ठा खूप खाली होता. एके दिवशी दुपारी तू तो वर काढलास. मी मागितला नव्हता. नको म्हणाले, असंही नाही. "कुनाचं तरी गाव आधी येनारच की. तुझंच येऊ दे," असं म्हणालीस आणि वाचायला लागलीस. मी घाईनं टाइप करू लागले. कुणी बघायच्या आत संपवायचं होतं. माझ्या चुलत्याचं घर झालं, शेजाऱ्यांचं झालं, आमचं नाव आलं, आणि मशीन हललंच नाही.

ते युनिक्सचं मोठं मशीन होतं. बसवणाऱ्या इंजिनिअरनं मेमरी वाचवायला एकच कन्सोल चालू ठेवला होता. बाकीच्या ओळी बंद. ऑल्ट दाबलं, एफ-टू दाबलं, काही नाही. तू म्हणालीस, "थांब, हात लावू नको. त्या इंजिनिअरला बोलवू." त्याला बोलावलं असतं तर त्यानं स्क्रीनवर माझ्या गावाचं नाव वाचलं असतं. माझा हात मशीनच्या मागे गेला आणि मी बटण बंद केलं.

पुन्हा चालू केलं तेव्हा दिवसभराची फाइल गेली होती. माझं गाव, आणि सकाळपासून केलेली आणखी दोन गावं. मूळ फॉर्म होते, पण सह्या-अंगठे तपासून टिक केलेली यादी त्या फाइलीत होती, त्यामुळे सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागणार होतं. साहेब आले. "कुणी बंद केलं?" तू गठ्ठा उलटा घातलास, वरचं माझ्या गावाचं नाव झाकलंस, आणि म्हणालीस, "साहेब, वायरीवर माझा पाय पडला."

साहेबांनी तुला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हटलं. तू चपला शोधत होतीस. मी स्क्रीनकडे बघत बसले होते. जाताना तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "जेवून घे. माझा डबा हाय टेबलाखाली." मी तो डबा खाल्ला, रजिया. वांग्याची भाजी होती. सगळा खाल्ला.

पुन्हा रांगा लागल्या. माझी आई दोन दिवस उन्हात उभी राहून आली आणि म्हणाली, "कुन्या भवानीचा पाय पडला म्हनं वायरीवर. मोडून पडू दे तो पाय." मी भाकरी थापत होते. थापत राहिले. पुढं तू आमच्या घरी यायचीस, आई तुझ्यासाठी दूध आटवायची, तुझ्या हातचा शीरखुर्मा वाटीला बोट लावून खायची. तो पाय तुझा, हे तिला कधी कळलं नाही. तो पाय तुझा नव्हताच, हेही कळलं नाही. ती गेली तशीच.

चार वर्षांनी तू मला शोधत औशाला आलीस. क्लास काढू म्हणालीस. मला वाटलं, आता ही विचारेल. तू विचारलंस ते एवढंच, "टायपिंगचा स्पीड ऱ्हायलाय का गेला?"

मग सहावा कन्सोल आला, लाल कापड आलं. मला ते कापड रोज सकाळी दिसायचं. तू बोलायची नाहीस, कापड बोलायचं. खरं सांगायचं तर सहा की बारा हे माझं भांडण कधी मेमरीचं नव्हतं. मला ते कापड तिथून काढायचं होतं.

तू बहिणीच्या बाळंतपणाला उदगीरला गेलीस आणि मला संधी मिळाली. पहिल्याच दिवशी मी त्या फाइलीत सहा ओळी वाढवल्या, एफ-सिक्सवरचं कापड नखानं खरवडून काढलं, आणि एका मशीनमागे बारा पोरं बसवली. चार दिवस सगळं सुरळीत. मी खूश. तू आल्यावर काय तोऱ्यात सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. पाचव्या दिवशी एका पोराचा प्रोग्राम मेमरी खात सुटला. मशीन गोठलं. मी एफ-वनपासून एफ-ट्वेल्व्हपर्यंत सगळी बटणं दाबली. कुठंच शिरता येईना. पोरं माझ्याकडे बघत होती, जिन्यावरून दोन आईबाप डोकावत होते, आणि माझा हात पुन्हा मशीनच्या मागे गेला. तोच हात. मला तेव्हा कळत होतं की मी काय करते आहे, आणि तरी केलं.

शनिवारी कॉलेजात प्रॅक्टिकलच्या फाइली द्यायच्या होत्या. सात पोरांच्या गेल्या. आईबापांना मी सांगितलं, लाइट गेली. लाइट जाणं ही आपल्याकडे इतकी रोजची गोष्ट की कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. पण एक चुणचुणीत पोरगी, एफ-नाइन, तिथंच म्हणाली, "मॅडम, लाइट न्हवती गेली. खाली गिरन चालूच हुती की." गिरणीची थरथर तेव्हाही सगळ्यांच्या तळपायांना लागत होती. मी पुढची बॅच आत बोलावली.

तू आलीस. पोरांनी सांगितलंच असणार. तू चप्पल काढलीस, मशीनपुढे बसलीस, खालच्या सहा ओळी पुसल्यास, पर्समधून लाल कापड काढून एफ-सिक्सवर लावलंस. कापड तू उदगीरहून येताना दुकानातून घेऊनच आली होतीस, म्हणजे तुला आधीच कळलं होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "लाइटीवर कशाला ढकललंस? माझ्यावर ढकलायचंस. मला सवय हाय."

तेवढं एकच वाक्य. त्या गोष्टीबद्दल सगळ्या आयुष्यात तू बोललेलं एकच. मी त्यावर काहीही म्हणू शकले असते. मी म्हटलं, "चहा ठेवू का?"

त्यानंतर वर्ष काढलं आणि नांदेडची नोकरी धरली. लोकांना सांगितलं, पगार बरा आहे. तुलाही तेच सांगितलं. तू एसटी स्टँडवर सोडायला आलीस, खिडकीतून केळी दिलीस. पुढं ईदला माझा फोन, दिवाळीला तुझा. फोन उचलला की तू विचारायचीस, "सहा का बारा?" मी म्हणायचे, "बारा." मग तू हसायचीस आणि गुडघ्यांची चौकशी करायचीस. आपलं सगळं बोलणं त्या एका थट्टेवर उभं होतं. मी सहा म्हणाले असते तर पुढचं बोलावं लागलं असतं, म्हणून मी बाराच म्हणत राहिले.

आता सोपी गोष्ट ऐक. गेल्या महिन्यात आमच्या हॉलला नवा सर्व्हर आला. नव्या लिनक्समध्ये ती आपली जुनी फाइल नाही. कन्सोलचे आकडे दुसऱ्या एका फाइलीत असतात. आता स्क्रीनवरच्या खिडक्यांतून काम चालतं, कन्सोल कुणी बघत नाही, म्हणून मी म्हटलं, सहाचे दोन करून टाकू. फाइल उघडली. एक ओळ होती, किती कन्सोल आपोआप उघडायचे त्याची. तिथं सहा. तिच्या लगेच खाली दुसरी ओळ. काही झालं तरी कोणता कन्सोल लॉगिनसाठी राखून ठेवायचा त्याची. तिथंही सहा. मी माहितीचं पान काढून वाचलं. बाकीचे सगळे कन्सोल कुणी अडवले तरी आत शिरायला एक तरी जागा हमखास राहावी, म्हणून ही तरतूद. रजिया, ही कुठली तरी लांबची माणसं, त्यांनी ना आपली गल्ली बघितली ना तुझ्या अब्बांचं दुकान. आणि त्यांनी सहावाच राखून ठेवलाय. तुझ्यासारखा. कुणी न सांगता.

मी खुर्चीत एकटीच हसले. वाटलं, आत्ताच्या आत्ता फोन लावावा आणि सांगावं, बाई, तू जिंकलीस. मोबाइल हातात घेतला. मग म्हटलं, आज तीन बॅच आहेत, उद्या करू. मग म्हटलं, बकरी ईद आलीच आहे, तेव्हा तू विचारशील "सहा का बारा?" आणि मी म्हणेन "सहा". तू गप्प होशील. आणि त्या गप्पपणात मी बाकीचंही सांगून टाकीन. इतकी वर्षं गेली, तीन आठवडे काय मोठे. मी ते वाक्य रोज कामावर जाताना मनात म्हणून बघत होते.

तुझी बातमी आली तेव्हा ईदला अकरा दिवस होते.

जियारतीला कुराण वाचून झालं, बायकांना शिरा दिला गेला, आणि खलीलभाई दारात येऊन बसले. तुझा भाऊ फार खंगलाय. आपाच्या आठवणी निघाल्या. कुणी तुझ्या धमक्या सांगितल्या, कुणी तुझी ती मोडकी स्कूटर. मग खलीलभाई म्हणाले, "आन आपाचा त्यो पाय! भूकंपाच्या टायमाला तीन गावं उडवली की आपानं एका पायानं." सगळ्या बायका डोळे पुसता पुसता हसल्या. तुमच्या घरात ती गोष्ट अशी सांगतात, हे मला माहीत नव्हतं. पोरंसोरं तुला चिडवायची म्हणे, "फुफी, वायर बघून चाला." खलीलभाई हे सांगताना माझ्याकडे बघत होते. मी हातातला शिरा बघत होते. खोलीत वीस बायका होत्या, आणि मी तिसऱ्यांदा गप्प बसले. साहेबांसमोर एकदा, आईसमोर एकदा, आणि तुझ्या जियारतीत एकदा.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. तीसुद्धा नको झाली होती.

काल सकाळी पहिली बॅच आत बसवली, दार लोटलं आणि हॉलच्या पायरीवर बसून खलीलभाईंना फोन लावला. तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं, आणि मग म्हटलं, "खलीलभाई, त्या दिवशी कचेरीत रजियाचा पाय पडला नव्हता. बटण मी बंद केलं. माझ्या गावाचा गठ्ठा पाळी सोडून घेतला होता, तो झाकायला ती खोटं बोलली. तिची नोकरी माझ्यामुळं गेली."

पलीकडं बाइंडिंगचं मशीन चालू होतं, ते थांबलं. मग खलीलभाई म्हणाले, "ताई, हे म्हाईत हाय मला. त्याच सांजंला आपानं घरी येऊन सांगितलं हुतं. अब्बा लई तापले. कचेरीत जाऊन खरं सांगतो म्हनले. आपा दारात आडवी झाली. म्हनली, नंदा सांगंल. आज न्हाई तर उद्या सांगंल. ती सांगंपर्यंत कुनी त्वांड उघडायचं न्हाई. तोवर पाय माझाच हाय म्हना."

मी विचारलं, "मग काल तुम्ही..."

"मुद्दामच काढली की गोष्ट. तुमी आल्ता, म्हनलं आता तरी सांगतील."

आणि मग रजिया, मला रडू आलं. पायरीवर बसून, पोरांच्या चपलांच्या ढिगाशेजारी. आतून कुणीतरी "मॅडम, स्क्रीन हलंना" म्हणून हाका मारत होतं आणि मला उठता येईना. तू मला इतकी वर्षं विचारलं नाहीस म्हणून मी मनातल्या मनात तुझ्यावर चिडायचे, हिला कसला एवढा मोठेपणा करायचाय म्हणून. तू वाट बघत होतीस. दर ईदला, दर दिवाळीला, त्या "सहा का बारा"च्या मागे. आणि मी तुला हसवून फोन ठेवत होते. याबद्दल माफी कोणत्या शब्दात मागतात ते मला माहीत नाही. तू असतीस तर "गप गं" म्हणाली असतीस, म्हणून मागत नाही.

चेहरा धुऊन आत गेले. एका पोरीचं मशीन अडकलं होतं, ते सोडवलं. मग सर्व्हरच्या खोलीत जाऊन ती फाइल बघितली. दोन्ही सहा जागच्या जागी आहेत, मी काही बदललं नाही.

तुझ्या चाळिसाव्या दिवसाला येणार आहे. खलीलभाईंना सांगून ठेवलंय की त्या दिवशी पायाची गोष्ट त्यांनी काढायची नाही, मी काढणार आहे. बायकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, तुझ्या भाच्या-पुतण्यांनाही बोलावून. आवाज न बदलता सांगायचं ठरवलंय, तू नावं वाचायचीस तसं. जमेल की नाही माहीत नाही. येताना खलीलभाईंच्या दुकानातून बोटभर लाल कापड घेऊन येईन, इथल्या कीबोर्डला लागेल.

पण त्या सगळ्यांच्या आधी तुला सांगते, कारण आधी तुझा हक्क आहे. सहाच बरोबर होतं. आणि वायरीवर तुझा पाय पडला नव्हता, रजिया. तुझ्या पायाशी वायर नव्हतीच.